खंडेनवमीला अंगणात पडलेला काळा डाग

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन धुऊन घरासमोर आणून लावलं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टर असो, लेथ असो की साधा पाना असो, त्या दिवशी सगळ्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, मग आमचं बॉबकॅट तरी का मागं राहील. (स्किड स्टिअर लोडर, म्हणजे पुढं बकेट लावून माल उचलणारं छोटं चारचाकी मशीन, कुठल्याही कंपनीचा असो, बेळगावच्या मच्छे-उद्यमबाग भागात त्याला बॉबकॅटच म्हणतात, मीपण तेच म्हणणार.) सकाळी आई अंगणात रांगोळी घालायला गेली आणि तिथूनच हाक मारली, अरे हे काय गळायलंय बघ तुझ्या मशीनमधनं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला शहाबादी फरशीवर ताटाएवढा काळा डाग. बोट लावून बघितलं तर पातळ, काळपट, जरा करपल्यासारखा वास. चेनकेसचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या चेनच्या पेटीतलं ऑइल.

वाईट याचं वाटलं की हे आजचं नव्हतंच. मशीन वर्षातले आठ महिने फौंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम चालतं तिथं, वाळू ओढतं, आणि फौंड्रीतली मोल्डिंगची (साच्याची) वाळू कोळशाच्या पावडरीनं मुळातच काळी असते, त्यावर काळं ऑइल पडलेलं कुणाला दिसणार? चाकाच्या आत वाळू आणि ऑइल मिळून डांबरासारखा थर बसलेला, तो धुतला तेव्हाच गळती मोकळी झाली. आमचा ऑपरेटर गोकाककडचा, कन्नड बोलणारा पोरगा, तो गेले दोन महिने मला सांगत होता, "एण्णी कडिमी आगेतरी," ऑइल कमी झालंय, आणि मी काय करत होतो तर त्याला पाच लिटरचा कॅन देत होतो आणि पुढं जात होतो. तो त्याचं काम नीट करत होता. ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठंतरी गेलं, आणि कुठं गेलं हे बघणं माझं काम होतं.

ज्यांनी हे मशीन आतून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्किड स्टिअरला स्टिअरिंग नसतं, पुढची चाकं वळत नाहीत. डाव्या बाजूच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजव्या दोन चाकांना दुसरी. डावी बाजू हळू केली आणि उजवी जोरात फिरवली की मशीन डावीकडं वळतं, म्हणजे खरं तर चाकं जमिनीवर घासत घासत वळतं. मोटरपासून चाकापर्यंत ताकद जाते ती चेननं, आणि या चेना मधल्या एका लोखंडी पेटीत ऑइलमध्ये फिरत असतात, तीच चेनकेस. पेटीतनं चारही बाजूंना नळ्या निघतात, नळीत एक्सल, एक्सलला आत एक बेअरिंग बाहेर एक बेअरिंग, आणि सगळ्यात बाहेर चाकाच्या पाठीमागं ते रबरी ऑइल सील. बाहेरच्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते याच पेटीतनं, नळीतनं वाहत जाऊन. म्हणून सीलमधनं ऑइल गेलं की नुसतं फरशी घाण होत नाही, पेटीतली लेव्हल उतरते, आणि पहिल्यांदा कोरडं पडतं ते सगळ्यात लांबचं, बाहेरचं बेअरिंग.

आणि या सीलवर मार किती बसतो बघा. रिकामं असताना मशीनचं साधारण ७० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, बकेट भरली की तेच उलटं होऊन पुढच्या चाकांवर येतं, तेवढ्या वजनासकट चाक काँक्रीटवर आडवं घासतं आणि तो सगळा आडवा ढकला एक्सलवर. शेतातल्या मऊ मातीत त्याला सुटका असते, फौंड्रीच्या काँक्रीटवर नसते. मुळात हे मशीन जन्मलं तेच अरुंद जागेसाठी, अमेरिकेत मिनेसोटात १९५७ साली सिरिल आणि लुई केलर या दोघा भावांनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडमधली घाण काढायला पहिलं बनवलं, ते तीन चाकांचं होतं, चार चाकांचं १९६० ला आलं. दोघं भाऊ, छोटं वर्कशॉप, शेजारच्या शेतकऱ्याची अडचण. आमच्या उद्यमबागेत अशी किती वर्कशॉपं आहेत, म्हणून मला ही गोष्ट आवडते.

तर पूजा झाली, दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मशीन एका गॅरेजला दिलं. त्यांनी सील बदलून दिलं, वर पेटीत ९० नंबरचं गिअर ऑइल टाकलं, म्हणाले जाड ऑइल टाकलंय आता गळणार नाही. अकराव्या दिवशी परत गळायला लागलं. मी त्या लोकांवर राग धरत नाही, त्यांच्याकडे रोज ट्रॅक्टर येतात, हे मशीन कधीतरी. खरं एक गोष्ट मला त्यातनं पक्की कळली, सील का गेलं हे कुणीच विचारलं नव्हतं. मी नाही, त्यांनीपण नाही.

आमच्या शेडच्या मागं एक लेथवाले काका आहेत, चाळीस वर्षं शाफ्ट आणि बुश करण्यात गेली. त्यांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "सील कधी आपणहून मरत नाही रे, त्याला कोणतरी मारतंय. नवीन घालायच्या आधी मारणारा शोध, मी येतो रविवारी." आणि खरंच आले, घरचं जेवण डब्यात बांधून घेऊन आले.

रविवारी काय काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुठं लिहिलेलं मला तरी मिळालं नाही.

आधी सपाट जागा. मशीन उचलून खाली जाड लाकडी ठोकळे, चारही चाकं अधांतरी, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. बूम, म्हणजे बकेटचा हात, वर करायला लागतो, कारण त्याशिवाय केबिन मागं पालथी होत नाही, आणि बूम वर केला की त्याचा लोखंडी लॉक सिलिंडरच्या रॉडवर बसवल्याशिवाय कुणी खाली हात घालायचा नाही. याबाबतीत मी घरच्या माणसाचंपण ऐकत नाही. एखादा पाइप फुटला तर तो बूम कुणाला विचारून खाली येत नाही.

चाक काढायच्या आधी काकांनी टायरखाली एक लांब पहार घातली आणि वर-खाली हलवायला सांगितलं. चाक खडखड करून हललं. नुसतं डोळ्याला दिसेल एवढं. म्हणजे बेअरिंग ढिलं. एक्सल जर असा डोलत असेल तर सीलचं ओठ, म्हणजे एक्सलला टेकणारी रबरी कड, एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला फट पडते, तिथं कितीपण महागाचं सील घाला, टिकणार नाही. हे पाच मिनिटांचं बघणं गॅरेजमध्ये झालं असतं तर ते अकरा दिवस वाया गेले नसते.

मग चाक काढलं आणि मागं बघितलं तर एक्सलभोवती एक काकण. खरंच काकण म्हणावं असं, गोल, घट्ट, बोटाएवढं जाड, काळं कुळकुळीत. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायला गेलो तर उचकटेना, शेवटी करवतीच्या पात्यानं कापावं लागलं. कापल्यावर कळलं काय आहे ते, विणलेल्या प्लास्टिक पोत्याचे धागे आणि त्यात बाइंडिंग वायरचे दोन-तीन वेढे. फौंड्रीत बेंटोनाइट (वाळूत मिसळायची चिकणमाती) पोत्यातनं येतं, पोती फाडून खाली टाकतात, आमचं मशीन त्यावरनं जातं, धागा चाकात अडकतो आणि फिरून फिरून सरकत सरकत सीलपाशी जाऊन बसतो. वायरनं सीलच्या बाहेरच्या धुळीच्या ओठाला कापलं, मग वाळू आत, मग आतलं ओठ. गॅरेजवाल्यांनी दिसलं तेवढं काढलं असणार, खरं अकरा दिवसांत परत नवीन धागे गुंडाळले गेले होते. ते काकण मी शेडमध्ये खिळ्याला लावून ठेवलंय, ऑपरेटरला रोज दिसावं म्हणून.

ऑइल काढलं ते मशीन जरा चालवून गरम असतानाच, गरम ऑइलबरोबर खालचा गाळपण येतो. पहिल्यांदा अर्धा मग भुरकट, दुधाच्या चहासारखं आलं. ते पाणी. प्रेशरच्या पाण्यानं मशीन धुताना पोरं नोझल थेट चाकाच्या मागं धरतात, फाटक्या सीलमधनं पाणी आत जातं, आणि आमच्याकडं आषाढ-श्रावणात तर मशीन महिनाभर ओलंच असतं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी मलमासारखं लागलं होतं, ते चालतं, तेवढी झीज होतेच. बोटांत घेऊन चोळल्यावर टोचणारे तुकडे लागले असते तर चेन किंवा बेअरिंगचा रोलर फुटलाय समजायचं आणि पूर्ण पेटी धुवायची.

केबिन पालथी केली, चेनकेसचं वरचं झाकण उघडलं, आतनं स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मधला बोल्ट ढिला केला. बोल्ट निघाला खरं एक्सल हलायचं नाव घेईना. हातोडीनं ठोकायचा मोह होतो, काकांनी हात धरला, म्हणाले ठोकून बेअरिंगचं घर फुटतं. त्यांनी छोटा हायड्रॉलिक जॅक आडवा घेतला, डाव्या आणि उजव्या एक्सलच्या तोंडांच्या मधे, उजव्याचा बोल्ट घट्ट तसाच ठेवून, आणि हळूहळू पंप मारला. एक "टण्ण" असा आवाज आला आणि डावा एक्सल दोन बोटं बाहेर सरकला. त्या आवाजावर तिघंपण हसलो.

एक्सल बाहेर काढून पुसला. जिथं सीलचं ओठ फिरतं तिथं एक बारीक चमकदार पट्टा. काका म्हणाले नख फिरव. डोळ्याला गुळगुळीत दिसतो, नख फिरवलं तर अडकतं. नख अडकलं म्हणजे खाच पडली, आणि खाचेवर नवीन सील बसवलं तर नवं ओठ त्याच खाचेत बसून दोन आठवड्यांत मरतं. याला तीन उपाय. खाच अगदी हलकी असेल तर बारीक पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून शाफ्टभोवती गोल गोल फिरवायचा, आडवा-तिडवा कधीच नाही, आडवी रेघ पडली की तीच ऑइलला बाहेर यायची वाट. दुसरा, सील नळीत एक-दोन मिलिमीटर आतबाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतं, त्याला नळीत तेवढी जागा पाहिजे. तिसरा, पातळ स्टीलचा रिपेअर स्लीव्ह मिळतो तो शाफ्टवर चढवायचा. आमच्या नळीत जागा नव्हती आणि खाच खोल होती, म्हणून स्लीव्ह. लेथवर वेल्डिंग भरून परत टर्न करणारेपण आहेत, काका स्वतः लेथवाले असून त्याला नको म्हणाले, वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्ट वाकतो आणि त्याचं कडकपण जातं.

बाहेरचं बेअरिंग निळसर पडलेलं, म्हणजे कोरडं चालून तापलेलं. दोन्ही बेअरिंग कपासकट, म्हणजे बाहेरच्या कड्यासकट, बदलली. कप जुना ठेवून नुसता कोन (आतला रोलरांचा भाग) नवा घालायचा, असली बचत करू नका, जुन्या कपात जुन्याचे वण असतात.

सीलचं माप सीलवरच छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तीन आकडे. जुनं सील धुऊन खिशात घालून दुकानात जायचं. मिळताजुळता आकडा चालत नाही, अर्धा मिलिमीटरपण नाही. दोन ओठांचं घ्यायचं, एक ऑइल आत धरायला आणि एक धूळ बाहेर ठेवायला. रबर साधं नाइट्राइल पुरतं, ते शंभर डिग्रीच्या आसपासपर्यंत तग धरतं आणि चेनकेस नीट चालत असेल तर एवढी तापत नाही. एवढी तापत असेल तर चूक रबराची नाही.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडं, म्हणजे आत. हे उलटं बसवलेलं मी दोन मशीनमध्ये बघितलंय म्हणून लिहितो. ओठावर ग्रीस बोटानं लावायचं, कोरडं बसवलं तर पहिल्या दहा मिनिटांतच ओठ करपतं. दाबायला काकांनी सीलच्या बाहेरच्या कडेवर बरोबर बसेल असा पाइपचा तुकडा लेथवर कापून आणला होता, त्यावर हलके हलके टोले, गोल फिरत. आवाज बदलतो शेवटी, पोकळ ठक ठक येतो तो एकदम भरीव होतो, म्हणजे तळाला टेकलं. मग एक्सल आत घालताना स्प्लाइनच्या (एक्सलवरच्या दात्यांच्या) धारेनं ओठ फाटू नये म्हणून त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं आणि ओठ पार झाल्यावर ओढून काढलं. बोल्टला लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद), आणि मशीनच्या बुकात दिलेल्या आकड्याएवढा टॉर्क (आवळायचा जोर), रिंचवर बघून. अंदाजानं नाही, कारण बेअरिंगचा ताण त्याच बोल्टवर ठरतो, ढिलं राहिलं तर परत डोलणार, जास्त आवळलं तर बेअरिंग जळणार.

इथं काम झालं असं मला वाटलं होतं. काकांनी विचारलं, ब्रिदर कुठाय याचा? मला माहीतच नव्हतं. शोधला तर झाकणाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी टोपी, वाळू आणि ग्रीसनं पार बंद. पेटी चालताना तापते, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला तेवढी एकच वाट, ती बंद म्हटल्यावर हवा सगळ्यात कमजोर जागेतनं वाट काढते, म्हणजे सीलच्या ओठातनं, आणि जाताना ऑइल घेऊन जाते. मला आठवलं, ऑपरेटर ऑइल बघायला लेव्हल प्लग उघडायचा तेव्हा "फुस्स" करून हवा यायची आणि तो लांब सरकून उघडायचा. ते फुस्स म्हणजे मशीन सांगत होतं, आणि आम्ही त्याची सवय करून घेतली होती. ब्रिदर डिझेलनं धुऊन फुंकून साफ केला. आता महिन्याला एकदा करतो.

आणखी एक मारणारा असतो, तो आमच्याकडं नव्हता खरं निपाणीकडच्या एका मित्राच्या मशीनमध्ये होता. त्याचं उलटंच, सील गळतंय तरी चेनकेसची लेव्हल कमी न होता वाढायलीय. तो खूश होता. वाढायचं कारण असं की ड्राइव्ह मोटरच्या शाफ्टचं सील आतल्या आत गेलं होतं, हायड्रॉलिकचं ऑइल चेनकेसमध्ये उतरत होतं, पेटी गळ्यापर्यंत भरली आणि दाबानं एक्सलची सीलं बाहेर ढकलली गेली. म्हणून लेव्हल बघताना दोन्ही बघायच्या, चेनकेसची आणि हायड्रॉलिक टाकीची. एक चढतीय आणि दुसरी उतरतीय असं दिसलं तर एक्सलला हात लावायच्या आधी मोटर उघडा.

ऑइलचं म्हणाल तर ते ९० नंबर सगळं काढून टाकलं. जाड ऑइल गळत नाही हा समज आमच्या भागात फार आहे. गळायचं ते गळतंच, फक्त उशिरा, आणि तोपर्यंत ते नळीतनं बाहेरच्या बेअरिंगपर्यंत सकाळच्या गारठ्यात नीट पोचत नाही. कुठल्या कंपनीच्या चेनकेसमध्ये १५ डब्ल्यू ४० इंजिन ऑइल सांगतात, कुठं हायड्रॉलिकचंच ऑइल सांगतात, ज्याच्या त्याच्या बुकात बघा. आमच्यात इंजिन ऑइल, ३० लिटरच्या आसपास बसतं. सपाटीवर मशीन थंड उभं असताना लेव्हल प्लगच्या खालच्या कडेला ऑइल टेकलं की बास. वरनं दोन लिटर जादा टाकायची हौस नको, जादा ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि परत सीलवरच येतं.

काढलेल्या काळ्या ऑइलला गिऱ्हाईक लगेच येतं, सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला म्हणून. पूर्वी मी देत होतो. आता ड्रममध्ये साठवून जळकं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याला देतो, कारण आमच्या शेडच्या मागचा नाला पुढं शिवारात जातो आणि तिथं लोकांची भातं आहेत.

सुरू केल्यावर पहिला अर्धा तास हळू चालवलं, सरळ, कमी वळवून. व्हील नट समोरासमोरच्या क्रमानं आवळलेले, ते पाच-सहा तासांनी परत आवळले, सगळे थोडे थोडे फिरले. ऑपरेटरनं आता एक वही केलीय, कन्नडमध्ये लिहितो, तासाचा मीटर आणि लेव्हल, दर ५० तासांनी, आणि धागे काढले की नाही याचा एक रकाना त्यानं स्वतःहून घातलाय. मला कन्नड वाचायला वेळ लागतो, खरं ती वही मी दर रविवारी वाचतो.

डावं पुढचं चाक त्यानंतर ६०० तास चाललंय, आतनं कोरडं. परवा उजव्या मागच्या चाकाच्या आत बोट फिरवलं तर जरा ओलसर लागलं, गळतं असं नाही, नुसती ओल. पहार घालून बघितलं तर डोलत नाहीये, ब्रिदर मोकळा आहे, धागे निघाले थोडे. सील आणून ठेवलंय, पाइपचा तुकडा आहेच, काकांना सांगितलंय. या वेळेला डबा आमच्याकडचा.